संतुलित तुकडी आणि नकोशी भूमिका : भूमिकाखेळांतील पात्रवर्गांचा ऐतिहासिक अभ्यास (१९७४ ते २०२३)

प्रस्तावना

खेळ हे केवळ करमणुकीचे साधन नसून श्रमविभागणी, परस्परावलंबन आणि सहकार्य यांविषयीच्या समाजाच्या कल्पना खेळांच्या नियमांतून व्यक्त होत असतात. या दृष्टीने १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आणि त्यातून उदयास आलेली भूमिकाखेळांची, म्हणजेच ‘रोल-प्लेइंग गेम’ या नावाने परिचित असलेल्या खेळांची परंपरा अभ्यसनीय ठरते. या खेळात बुद्धिबळाप्रमाणे दोन प्रतिस्पर्धी नसतात. खेळाडू एका टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो आणि एक जण भुयारे, राक्षस, खजिना व संकटे यांचे वर्णन करतो. या व्यक्तीस मराठी नाट्यपरंपरेतील शब्द वापरून सूत्रधार म्हणता येईल. पात्राने काय करावयाचे ते खेळाडू ठरवतो. ते साधले की नाही हे फासे ठरवतात.

पात्राला कोणती कामे येतात आणि कोणती येत नाहीत, हे त्याच्या ‘कॅरॅक्टर क्लास’वर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘पात्रवर्ग’ ही संज्ञा योजली आहे. ‘वर्ण’ हा शब्द जाणीवपूर्वक टाळला आहे, कारण पात्रवर्ग जन्माने प्राप्त होत नाही, खेळाडू तो निवडतो. अर्थात, आरंभीच्या नियमांत ही निवड वाटते तितकी मुक्त नव्हती, हे पुढे दिसून येईल.

नव्या खेळाडूला आजही एक ठरावीक सल्ला दिला जातो : तुकडीत एक योद्धा, एक मांत्रिक, एक चोर आणि जखमा भरून काढणारा एक धर्मगुरू असावा. हा सल्ला इतका रुळला आहे की, तो खेळाइतकाच जुना असावा असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. संतुलित तुकडीची कल्पना मूळ खेळात नव्हती. ती नंतरच्या काही वर्षांत घडत गेली, आणि तिच्यामुळे एक असा प्रश्न निर्माण झाला की ज्याचे उत्तर खेळरचनाकार पुढील चार दशके शोधत राहिले. तो प्रश्न असा : जे काम सर्वांना हवे आहे, पण कोणालाच करावयाचे नाही, ते कोणी करावे?

युद्धखेळांची पार्श्वभूमी

निरनिराळी सामर्थ्ये असलेल्या घटकांनी मिळून एक दल बनवावे, ही कल्पना खेळांच्या इतिहासात प्राचीन आहे. हत्ती, घोडा, रथ व पायदळ या चार अंगांवरून चतुरंग हे नाव पडले आणि त्याच खेळापासून बुद्धिबळ विकसित झाले. १७८० मध्ये जर्मनीतील हेलविग याने बुद्धिबळाचा विस्तार करून युद्धाचा खेळ रचला. १८२४ मध्ये प्रशियन अधिकारी राइसवित्स याने आपला ‘क्रीग्सश्पील’ सैन्याच्या प्रशिक्षणासाठी सिद्ध केला. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकाद्वारे खेळण्यातील सैनिकांची लढाई सर्वसामान्य घरांत नेली.

या सर्व खेळांत घटक अनेक असले तरी सेनापती एकच होता. प्याद्याला आपण प्यादे का, असा प्रश्न पडत नाही. हत्तीऐवजी पायदळ पुढे करण्याचा निर्णय पटाबाहेर बसलेली व्यक्ती घेते, आणि बळी जाणाऱ्या मोहऱ्याची संमती कोणी विचारत नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटा राज्यातील जुळ्या शहरांत डेव्हिड वेसली यांनी ‘ब्राउनश्टाइन’ नावाच्या युद्धखेळात प्रत्येक खेळाडूला सैन्याऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका दिली. हा बदल लहान दिसला तरी मूलगामी होता. त्याच मंडळीतील डेव्ह आर्नेसन यांनी ‘ब्लॅकमूर’ हे काल्पनिक सरंजामी जग उभे केले. दुसरीकडे विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा येथे गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१ मध्ये ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियम प्रसिद्ध केले होते व त्याला अद्भुत कथांतील वीर आणि मांत्रिकांची पुरवणी जोडली होती. आर्नेसन आणि गायगॅक्स यांच्या सहकार्यातून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ साकारला. त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या केवळ १,००० प्रती छापल्या गेल्या.

तीन वर्ग आणि मोठी मंडळी

१९७४ च्या तीन पुस्तिकांत पात्रवर्ग तीनच होते : योद्धा, मांत्रिक आणि क्लेरिक, म्हणजे शस्त्रधारी धर्मगुरू. पहिले दोन वर्ग चेनमेलमधील वीर व मांत्रिक यांच्यापासून सरळ आले. मांत्रिकाने मंत्र पाठ करावा आणि उच्चारताच विसरावा, ही विलक्षण अट जॅक व्हान्स यांच्या १९५० मधील ‘द डाइंग अर्थ’ या कथासंग्रहाच्या प्रभावातून आली.

क्लेरिकचा जन्म मात्र निराळा आहे आणि तो मुद्दाम लक्षात घेण्याजोगा आहे. ब्लॅकमूरच्या खेळात सर फँग नावाचे एक रक्तपिपासू पिशाच पात्र कमालीचे बलाढ्य झाले. त्याला आवर घालण्यासाठी माइक कार या खेळाडूला एका बिशपची भूमिका देण्यात आली. हॅमर कंपनीच्या ड्रॅक्युलापटांत पीटर कुशिंग यांनी साकारलेला पिशाचसंहारक हा त्याचा आदर्श होता. म्हणजे जो वर्ग पुढे केवळ जखमांवर फुंकर घालणारा म्हणून ओळखला गेला, तो मुळात शिकारी होता. १९७४ च्या नियमांत पहिल्या पातळीवरील क्लेरिकला एकही मंत्र येत नाही. तो चिलखत घालतो, धार नसलेली शस्त्रे वापरतो आणि मृतयोनीतील प्राण्यांना पळवून लावतो. जखम भरण्याचा मंत्र त्याला दुसऱ्या पातळीवर मिळतो.

या वर्गांचे प्रमाण तुकडीत किती असावे, याची चिंता त्या वेळी विशेष नव्हती. मूळ पुस्तिकेत एका मोहिमेत ४ ते ५० खेळाडू सामावता येतील आणि एका सूत्रधारामागे साधारण २० खेळाडू असावेत, असे सुचवले आहे. इतक्या मोठ्या मंडळीत एखादा क्लेरिक असतोच. नसला तर भाडोत्री माणसे ठेवता येत. पात्राचे व्यक्तिमत्त्व जितके प्रभावी, तितके त्याचे अनुयायी अधिक. सर्वोच्च १८ गुण असलेल्या पात्राला १२ निष्ठावंत सेवक मिळत. आजचे चार जणांचे नेमके गणित या परिस्थितीत कोणाला सुचले नसते.

शिवाय निवडीला मर्यादा होत्या. तीन फासे टाकून बळ, बुद्धी, शहाणपण इत्यादी गुण ठरत आणि त्यानुसार वर्ग घेणे सोयीचे ठरे. त्यात वंशाची अट होती. बुटक्या ड्वार्फ वंशातील पात्राला केवळ योद्धा होता येई आणि तेही सहाव्या पातळीपर्यंतच, हॉबिटला चौथ्या. क्लेरिक व्हावयाचे तर पात्र मानवच असावे लागे. व्यवसायाची अशी जन्माधारित बंधने मराठी वाचकाला अपरिचित वाटणार नाहीत. ती पुढील आवृत्त्यांत सैल होत गेली, तरी पूर्णपणे दूर होण्यास २००० साल उजाडावे लागले, आणि ‘वंश’ या अर्थाचा मूळ इंग्रजी शब्द अधिकृत नियमपुस्तकातून २०२४ मध्ये वगळला गेला.

चोराचे आगमन आणि कौशल्यांची मक्तेदारी

१९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत चोर हा चौथा वर्ग समाविष्ट झाला. त्याची कल्पना कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथील ‘एरो हॉबीज’ या दुकानात जमणाऱ्या खेळाडूंकडून गायगॅक्स यांच्यापर्यंत पोचली होती. कुलूप उघडणे, सापळा निकामी करणे, भिंतीवर चढणे, सावलीत लपणे ही त्याची कौशल्ये टक्केवारीत मांडलेली होती.

वरकरणी ही केवळ एका वर्गाची भर होती. परंतु तिने खेळाचे स्वरूप बदलले. चोर येण्यापूर्वी कोणताही खेळाडू सूत्रधाराला सांगू शकत असे की, माझे पात्र लांब काठीने फरशी ठोकत पुढे जाते किंवा पेटीचे झाकण दोरीने दुरून उघडते. जे कसब पूर्वी सर्वांच्या कल्पकतेवर सोपवलेले होते, ते आता एका वर्गाच्या कोष्टकात बंदिस्त झाले. विशेष म्हणजे हा तज्ज्ञ फारसा कुशलही नव्हता. १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’नुसार पहिल्या पातळीवरील चोराला कुलूप उघडण्याची मूळ शक्यता शंभरात २५ आणि सापळा शोधण्याची २० होती. तरीही तो तुकडीत नसेल तर ते काम करण्याचा अधिकृत मार्ग सहसा उरत नसे. अपरिहार्यता ही सामर्थ्यातून येते असा समज आहे; येथे ती इतरांना मनाई केल्याने आली.

‘ग्रेहॉक’ने आणखी एक भेद रूढ केला. पूर्वी सर्वांची जीवनशक्ती सहा बाजूंच्या फाशानेच मोजली जात असे. आता योद्ध्याला आठ, क्लेरिकला सहा आणि मांत्रिक व चोर यांना चार बाजूंचा फासा मिळाला. म्हणजे पुढे उभे राहण्याचा अधिकार कोणाचा, हे अंकांतच लिहिले गेले. पुढील तीन वर्षांत रेंजर, मंक, ड्रुइड असे अनेक वर्ग आले, पण बहुतांशी ते या चौघांचेच उपप्रकार राहिले.

जखमांचे अर्थशास्त्र

संतुलनाच्या प्रश्नाचे मर्म मात्र चोरात नसून क्लेरिकमध्ये आहे. १९७४ च्या नियमांनुसार जखमी पात्राला विश्रांतीच्या पहिल्या दिवशी काहीच लाभ होत नसे आणि त्यानंतर दर दुसऱ्या दिवशी एक ‘हिट पॉइंट’, म्हणजे जीवनशक्तीचा एक गुण, परत मिळे. क्लेरिकचा सर्वांत साधा मंत्र २ ते ७ गुण तत्क्षणी परत देई. जे काम निसर्ग एक-दोन आठवड्यांत करतो ते क्लेरिक एका वाक्यात करतो, असा याचा अर्थ. अशा व्यवस्थेत क्लेरिकवाचून भुयारात उतरणे म्हणजे एका लढाईनंतर घरी परतणे होय.

म्हणून मंडळी लहान होत गेली तसतसे क्लेरिक असणे ही गरज न राहता सक्ती बनली. महाविद्यालयाच्या वसतिगृहात किंवा मित्राच्या घरी चार-पाच जण जमले की प्रत्येक जण आपल्या मनातील वीर निवडे आणि शेवटी येणाऱ्याच्या वाट्याला क्लेरिक येई. त्याने किती मंत्र पाठ करावेत यावर नियमांचे बंधन होते. कोणते करावेत यावर सहकाऱ्यांचे. प्रत्येक जागा जखमा भरण्याच्या मंत्राला द्यावी, अशी अपेक्षा असे. मग इतर मंत्र पुस्तकातच राहत. नियमकर्त्यांना या वर्गाच्या अनाकर्षकतेची काहीशी जाणीव असावी. दुसऱ्या पातळीसाठी योद्ध्याला २,००० आणि मांत्रिकाला २,५०० अनुभवगुण लागत असता क्लेरिकला १,५०० पुरत. पण जलद बढती दिल्याने कामाचा कंटाळा जात नाही, हे कोणत्याही कार्यालयात दिसून येईल.

संगणक : पुन्हा एकच सेनापती

१९८१ मध्ये अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांचा ‘विझर्ड्री’ हा खेळ ॲपल-टू संगणकावर आला. त्यात एकच खेळाडू सहा पात्रांची संपूर्ण तुकडी चालवतो. पुढच्या फळीतील तिघांनाच हातघाईची लढाई करता येई, मागचे तिघे सुरक्षित राहून मंत्र टाकत. त्यामुळे आघाडीला तीन लढवय्ये आणि पिछाडीला धर्मगुरू, मांत्रिक व चोर ही मांडणी जवळपास आपोआप सिद्ध झाली. डिसेंबर १९८७ मध्ये जपानमध्ये आलेल्या ‘फायनल फँटसी’त सहा वर्गांतून चार पात्रे सुरुवातीलाच निवडावी लागत व ती निवड अखेरपर्यंत बदलता येत नसे. क्रम सोडून दिला तरी अशा १२६ तुकड्या संभवतात. त्यांतली कोणतीही निषिद्ध नव्हती. प्रत्येकी ९९ पर्यंत बाळगता येणारी औषधे दुकानात मिळत असल्याने जखमा भरणारा शुभ्रवस्त्रधारी मांत्रिक न घेताही खेळ पूर्ण करता येई.

येथे इतिहासाचे एक चक्र उलटे फिरले. युद्धखेळातील एकछत्री सेनापती पुन्हा अवतरला. सहाही पात्रे एकाच्याच हाती असल्याने धर्मगुरू कोणी व्हावे, हा वाद संपला; पडद्यावरील धर्मगुरूला कंटाळा येत नाही. संतुलित तुकडीचे सूत्र या अनुकूल हवामानात पक्के झाले, असे मानण्यास जागा आहे. टेबलावर जी तडजोड होती, ती संगणकावर केवळ हिशेब बनली, आणि एक संपूर्ण पिढी हा हिशेब शिकून मोठी झाली. पुढे तेच सूत्र हाडामांसाच्या माणसांवर लागू करण्याची वेळ आली, तेव्हा जुना प्रश्न अधिक तीव्रतेने परतला.

महाजालावरील त्रिमूर्ती

१९९१ च्या सुमारास कोपनहेगन विद्यापीठात घडवलेल्या ‘डिकूमड’ या मजकुराधारित खेळात मांत्रिक, धर्मगुरू, योद्धा आणि चोर हेच चार वर्ग होते. त्याचा ठसा मार्च १९९९ मधील ‘एव्हरक्वेस्ट’वर स्पष्ट दिसतो. हजारो लोक एकाच वेळी खेळत असलेल्या या जगात सहा जणांचा गट करता येई. शत्रूला डिवचून त्याचे वार स्वतःवर घेणारा योद्धा, त्याला जिवंत ठेवणारा क्लेरिक आणि उरलेल्या शत्रूंना मोहिनी घालून खिळवून ठेवणारा एन्चँटर, या तिघांना खेळाडू ‘होली ट्रिनिटी’ म्हणू लागले. पुढे तिसऱ्या जागी घाव घालणारा आला आणि टँक, हीलर व डॅमेज ही आजची त्रयी रूढ झाली.

‘एव्हरक्वेस्ट’मधील क्लेरिकची अवस्था मोठी बोलकी आहे. मंत्रशक्ती भरून येण्यासाठी त्याला बसून ध्यान करावे लागे आणि आरंभीच्या काळात ३५ व्या पातळीपर्यंत ध्यान करताना मंत्रांची पोथी उघडी ठेवावी लागे. ही पोथी पडदा व्यापून टाकत असे. समोर राक्षसाशी झुंज चालली असता क्लेरिकला दिसत असे ते फक्त पुस्तक. मोठ्या स्वाऱ्यांत दहा सेकंद लागणारा संपूर्ण उपचाराचा मंत्र अनेक क्लेरिक ठरावीक अंतराने, पाळीपाळीने उच्चारत. गिरणीतील पाळ्यांची आठवण व्हावी असेच हे काम होते. तरीही ते निष्ठेने करणारे खेळाडू होते व त्यांना मागणीही मोठी होती, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

२००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने ही त्रयी आणखी व्यापक समुदायापर्यंत नेली. डिसेंबर २००९ मध्ये त्यात गट जुळवून देणारी स्वयंचलित यंत्रणा आली. प्रत्येकाने आपली भूमिका नोंदवावी आणि यंत्राने एक टँक, एक हीलर व तीन घाव घालणारे यांचा गट बनवावा, अशी ही व्यवस्था होती. आजवर अंदाजाने बोलली जाणारी टंचाई आता रांगेच्या रूपाने डोळ्यांसमोर आली : घाव घालणारे ताटकळत आणि टँकना गट झटपट मिळे. एप्रिल २०११ मध्ये खेळाच्या चालकांनी ज्या भूमिकेची टंचाई असेल तिच्यासाठी नोंदणी करणाऱ्यांस जादा बक्षीस देण्यास प्रारंभ केला. नकोशा कामाचा मोबदला वाढवण्याचा हा सरळ बाजारी उपाय होता.

टेबलावरील उपाय

टेबलावरच्या खेळात बक्षिसाचा मार्ग उपलब्ध नव्हता. तेथे काम आकर्षक करणे किंवा वाटून देणे एवढेच शक्य होते. २००० मधील तिसऱ्या आवृत्तीने क्लेरिकला कोणताही पाठ केलेला मंत्र ऐनवेळी जखमा भरण्याच्या मंत्रात बदलण्याची मुभा दिली व त्याचे एकूण सामर्थ्य वाढवले. परिणाम अनपेक्षित झाला. अनेक अनुभवी खेळाडूंच्या मते क्लेरिक हा सर्वांत बलाढ्य वर्गांपैकी एक ठरला, आणि बलाढ्य झालेल्या क्लेरिकला इतरांची शुश्रूषा करण्यापेक्षा स्वतःच पुढे होऊन लढणे किफायतशीर वाटू लागले.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने प्रथमच भूमिकांना अधिकृत नावे दिली : डिफेंडर, स्ट्रायकर, लीडर आणि कंट्रोलर. उपचारकाचे ‘लीडर’ हे नामांतर अर्थपूर्ण होते. धर्माशी संबंध नसलेला, केवळ ललकारीने सहकाऱ्यांना उभारी देणारा वॉरलॉर्ड हाही आता हे काम करू शकत होता, आणि दोघांनाही उपचार करून त्याच खेपेस शत्रूवर वार करता येत असे. शिवाय प्रत्येक पात्राला लढाईत एकदा स्वतःच सावरण्याची सोय मिळाली. रचनेच्या दृष्टीने हे उत्तर सर्वांत विचारपूर्वक दिलेले म्हणावे लागते. पण जे अलिखित होते ते छापले गेल्याने हा खेळ संगणकासारखा वाटतो, अशी नापसंती अनेकांनी व्यक्त केली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ही नावे वगळली गेली. विश्रांतीचा नियम मात्र पालटला. आठ तासांच्या विसाव्यानंतर पात्राचे सर्व हिट पॉइंट परत मिळू लागले. १९७४ मधील ‘दोन दिवसांत एक’ या हिशेबाशेजारी हा नियम ठेवला असता, क्लेरिकची सक्ती कशी विरत गेली ते ध्यानात येते.

त्रयी समूळ काढून टाकण्याचा प्रयोगही झाला. २०१२ च्या ‘गिल्ड वॉर्स २’ने प्रत्येक वर्गाला स्वतःवर उपचार करण्याचे साधन दिले आणि राखीव हीलरची जागाच ठेवली नाही. परंतु २०१५ मध्ये त्याच खेळात दहा जणांच्या कठीण स्वाऱ्या आल्या, तेव्हा खेळाडूंनी पुन्हा एकाला वार झेलण्यास आणि एकाला जखमा भरण्यास नेमले.

ऑगस्ट २०२३ मध्ये बेल्जियमच्या लॅरियन कंपनीने पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर आधारलेला ‘बाल्डर्स गेट ३’ प्रसिद्ध केला. त्यात चार जणांची तुकडी असते, आणि आरंभीच्या टप्प्यात भेटणाऱ्या सोबत्यांमध्ये एक योद्धा, एक मांत्रिक, एक चोर आणि एक क्लेरिक आहे. ही क्लेरिक आपल्या देवतेचे नाव सहजासहजी सांगत नाही. तिच्या श्रद्धेचे काय होते, हा कथानकाचा एक मुख्य धागा आहे. ज्या खेळाडूला तिने क्लेरिक राहावे असे वाटत नाही, त्याला तळावरील एका पुरातन सेवकाकडे जाऊन १०० सुवर्णमुद्रांत तिचा वर्ग बदलून घेता येतो. तिची संमती त्यासाठी विचारली जात नाही.